‘कर्करोगाचे जनुक’ आणि त्याला चालवणारी प्रथिने

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कर्करोगावरील संशोधनाच्या बातम्या आपल्या दैनिकात आणि इतरही वृत्तपत्रांत नियमितपणे येतात आणि मी त्या आवर्जून वाचते. आधी पेशीविज्ञानाच्या प्रयोगशाळेत आणि नंतर वर्गात, अशी मिळून तीसहून अधिक वर्षे मी याच विषयात काढली आहेत. या बातम्यांतील एक गोष्ट मला वारंवार खटकते. ‘कर्करोगाचे जनुक सापडले’ किंवा ‘जनुकातील दोषामुळे कर्करोग’ अशा मथळ्याखाली जे छापले जाते, त्यात जनुक बिघडले की आजार आणि ते सुधारले की सुटका, एवढाच हिशेब मांडलेला असतो. जनुक चालू कोण करते, बंद कोण करते आणि कर्करोगाच्या पेशीत हा कारभार नेमका कोठे फिसकटतो, याबद्दल अवाक्षरही नसते. गेल्या चाळीस-पंचेचाळीस वर्षांत या क्षेत्रात जे सर्वांत मोलाचे कळले आहे ते याच प्रश्नांच्या उत्तरात आहे आणि त्यावर आधारलेली औषधे आज रुग्ण घेत आहेत. म्हणून हे पत्र जरा विस्ताराने लिहीत आहे.

माणसाच्या त्वचेच्या पेशीत आणि यकृताच्या पेशीत डीएनए एकच असतो. प्रथिने बनवण्याची माहिती असलेली सुमारे २०,००० जनुके दोन्हीकडे सारखीच असतात. तरीही त्वचा त्वचेसारखी वागते आणि यकृत यकृतासारखे, कारण प्रत्येक पेशीत यांपैकी काही जनुके वाचली जातात आणि बाकीची मिटून ठेवलेली असतात. मिटून ठेवणे हे येथे शब्दशः घ्यावे. सुमारे दोन मीटर लांबीचा डीएनए एक मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहूनही लहान असलेल्या केंद्रकात बसवायचा, तर तो गुंडाळावाच लागतो. हिस्टोन नावाच्या आठ प्रथिनांच्या रिळाभोवती डीएनएची सुमारे १४७ अक्षरे वेढलेली असतात आणि अशी लक्षावधी रिळे एकापुढे एक असतात. जनुक वाचून त्याची आरएनए-प्रत काढणारे विकर (एन्झाइम) स्वतःच बारा प्रथिनांचे बनलेले आहे, पण कोणते रीळ सैल करून कोठून वाचायला सुरुवात करायची हे त्याला एकट्याला ठरवता येत नाही. डीएनएवरील ठरावीक अक्षरे ओळखून तेथे बसणारी सुमारे १,६०० प्रकारची नियामक प्रथिने माणसात आहेत. तीही बहुधा एकेकटी काम करत नाहीत. ती जोडीदार शोधतात, इतरांना बोलावून घेतात, एकमेकांना अडवतात, आणि त्या घडीला तेथे कोण कोणाला धरून आहे यावर ते जनुक वाचले जाणार की नाही हे ठरते.

प्रथिनांनी एकमेकांना धरणे म्हणजे काय, हेही सांगायला हवे. प्रथिनाचा पृष्ठभाग खाचखळग्यांचा असतो. त्यावर काही ठिकाणी धन, काही ठिकाणी ऋण विद्युतभार असतो आणि प्रथिन ज्यांचे बनते त्या अमिनो आम्लांपैकी काही पाण्यापासून अंग चोरणारी असतात. एका प्रथिनाचा उंचवटा दुसऱ्याच्या खोबणीत नीट बसला, विरुद्ध भार समोरासमोर आले आणि पाणी टाळणारे भाग आत दडले, की दोघांची पकड जमते. ही पकड क्षणभराची असते किंवा तासन्‌तास टिकते. पेशीतील एखाद्या विकराने त्या जागी एक फॉस्फेट चिकटवले, तरी ती सुटू शकते.

पी-५३ या प्रथिनाची हकीकत मी वर्गात दरवर्षी सांगत असे. १९७९ साली हे प्रथिन सापडले तेच मुळी दुसऱ्या प्रथिनाला चिकटलेल्या अवस्थेत. माकडांतील एसव्ही-४० नावाच्या विषाणूमुळे पेशींचा कर्करोग कसा होतो याचा शोध चालू होता. विषाणूचे एक मोठे प्रथिन पेशीतून पकडून बाहेर काढले, की प्रत्येक वेळी पेशीचे स्वतःचे एक प्रथिन त्याच्याबरोबर ओढले जाई. वजनाच्या पट्टीवर ते ५३ किलोडाल्टनच्या (हे रेणूंच्या वजनाचे एकक) खुणेजवळ दिसले म्हणून त्याचे नाव पी-५३ पडले. खरे वजन ४४ च्या आसपास भरते, पण नाव तेच राहिले. पहिली दहा वर्षे ते कर्करोग घडवणारे प्रथिन मानले गेले, कारण प्रयोगशाळांत वापरात असलेल्या त्याच्या जनुकाच्या प्रती मुळातच बिघडलेल्या होत्या. १९८९ मध्ये ही चूक उमगली आणि निरोगी पी-५३ कर्करोगाला अटकाव करते हे स्पष्ट झाले.

निरोगी पेशीत पी-५३ सतत तयार होते आणि काही मिनिटांतच नष्ट केले जाते. ते नष्ट करवण्याचे काम एमडीएम-२ नावाच्या प्रथिनाकडे असते. हे प्रथिन पी-५३ ला धरते, त्यावर युबिक्विटिनची खूण चिकटवते आणि ती खूण पाहून पेशीतील विघटनयंत्रणा पी-५३ चे तुकडे करते. डीएनएला इजा झाली, की काही विकरे पी-५३ वर आणि एमडीएम-२ वर फॉस्फेट चढवतात, त्यामुळे दोघांची पकड ढिली पडते आणि पी-५३ साचू लागते. त्याचे चार रेणू एकत्र येऊन एक चौकडी बनते, ती डीएनएवर आपल्या ठरावीक जागी बसते, पी-३०० सारख्या सहायक प्रथिनांना बोलावते, ती हिस्टोनची रिळे सैल करतात आणि पेशीचे विभाजन थांबवणारी जनुके वाचली जाऊ लागतात. इजा भरून येण्यापलीकडची असेल तर पेशीला आत्मनाशाकडे नेणारी जनुके उघडतात. याच वेळी पी-५३ आणखी एक जनुक चालू करते आणि ते असते खुद्द एमडीएम-२ चे. संकट टळले की आपल्याला आवरणारा हजर असावा, याची तजवीज ते स्वतःच करून ठेवते. ही रचना मला आजही थक्क करते.

ही पकड मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली आहे, म्हणजे जितकी ती पाहता येते तितकी. पेशी फोडून त्यांचा रस काढायचा, त्यात पी-५३ ला ओळखणारी अँटिबॉडी लावलेले सूक्ष्म मणी घालायचे, थंडीत काही तास ते फिरवत ठेवायचे, मग मणी पुन्हा पुन्हा धुवायचे. मण्यांना जे धरून राहील ते वजनानुसार वेगळे करून त्याची छाप एका पटलावर घ्यायची, त्या पटलाला एमडीएम-२ ओळखणारी दुसरी अँटिबॉडी लावायची आणि काळोख्या खोलीत लाल दिव्याखाली फिल्म धुवायची. पहिल्यांदा ती फिल्म द्रावणातून बाहेर काढली तेव्हा ९० च्या खुणेजवळ एक काळसर पट्टी हळूहळू उमटली. मी पकडले होते पी-५३, आणि दिसत होते एमडीएम-२. शेजारच्या रकान्यातील पेशींना किरणोत्सर्ग देऊन डीएनएला इजा केली होती आणि तेथे तीच पट्टी अगदी फिकट होती. दोन प्रथिनांनी एकमेकांना सोडले म्हणजे काय झाले, ते त्या फिल्मवर बोटभर अंतरात दिसत होते.

१९९६ मध्ये या पकडीची स्फटिकरचना, म्हणजे अणूंच्या पातळीवरचे तिचे चित्र, प्रसिद्ध झाली. एमडीएम-२ च्या एका खोल खोबणीत पी-५३ ची तीनच अमिनो आम्ले, फेनिलअ‍ॅलनिन, ट्रिप्टोफॅन आणि ल्युसिन, रुतून बसलेली त्यात दिसली. आता कर्करोगाकडे वळू. माणसाच्या सुमारे निम्म्या कर्करोगांत पी-५३ चे जनुक बिघडलेले आढळते आणि बहुतेक वेळा बिघाड डीएनएला धरणाऱ्या भागात असतो. बिघडलेला रेणू चौकडीत शिरला, की सोबतच्या चांगल्या रेणूंचेही काम अडते. उरलेल्यांपैकी कित्येक कर्करोगांत पी-५३ चे जनुक मात्र निर्दोष असते. चरबीच्या ऊतींतील काही गाठींमध्ये एमडीएम-२ च्या जनुकाच्या अनेक जादा प्रती झालेल्या असतात, त्यामुळे धडधाकट पी-५३ साचण्याआधीच संपवले जाते. गर्भाशयमुखाच्या कर्करोगात एचपीव्ही या विषाणूचे ई-६ हे प्रथिन पेशीतीलच एका प्रथिनाला हाताशी धरते आणि दोघे मिळून पी-५३ ला विघटनाकडे पाठवतात. अशा रुग्णाच्या गाठीतील पी-५३ चे जनुक तपासले तर बहुधा एकही चूक सापडणार नाही. ‘जनुकात दोष म्हणून कर्करोग’ हे वाक्य त्या रुग्णापुढे तोकडे पडते.

जोडीदार कोण यावर सारे कसे अवलंबून असते, हे मिक या प्रथिनावरूनही कळते. पेशीच्या वाढीची असंख्य जनुके चढ्या गतीने चालवणारे हे प्रथिन कित्येक कर्करोगांत प्रमाणाबाहेर असते, पण मॅक्स नावाच्या जोडीदाराशिवाय त्याला डीएनएवर नीट बसता येत नाही. हेच मॅक्स दुसऱ्या काही प्रथिनांशी जोडी जमवून त्याच जागांवर बसले, तर तीच जनुके मंदावतात.

आता ज्या प्रसंगामुळे हे पत्र लिहायला घेतले तो सांगते. माझ्या परिचयातील एक ताई काही दिवसांपूर्वी आपला बायोप्सीचा रिपोर्ट घेऊन आल्या. स्तनाच्या गाठीचा तो रिपोर्ट घड्या घालून घालून मऊ पडला होता. त्यात ‘ईआर पॉझिटिव्ह’ या शब्दांखाली त्यांनी पेनाने रेघ ओढली होती. त्या म्हणाल्या, “बाई, कॅन्सरचं जनुक असतं असं पेपरात वाचलं. माझं हे पॉझिटिव्ह आलंय. म्हणजे माझ्या मुलीलाही होणार का हो?” तीन आठवडे त्या या प्रश्नासह झोपत-उठत होत्या. डॉक्टरांना विचारायचे धाडस झाले नव्हते आणि मुलीला तर त्यांनी काहीच सांगितले नव्हते.

मी त्यांना माझ्या जुन्या वर्गातील एका काचपट्टीचे छायाचित्र दाखवले. इस्ट्रोजेन या संप्रेरकाला (हार्मोनला) धरणारे प्रथिन म्हणजे त्याचा ग्राहक, इस्ट्रोजेन रिसेप्टर, आणि रिपोर्टातला ‘ईआर’ तो हाच. गाठीच्या अतिशय पातळ कापावर हा ग्राहक ओळखणारी अँटिबॉडी लावली, की जेथे तो ग्राहक असेल तेथे तपकिरी रंग चढतो. छायाचित्रात फिकट निळसर पार्श्वभूमीवर पेशींची केंद्रके तेवढी तपकिरी दिसत होती, कोठे गडद, कोठे फिकी. ‘पॉझिटिव्ह’ म्हणजे हा रंग. गाठीच्या पेशींत एक प्रथिन आहे, एवढाच त्याचा अर्थ. ते निरोगी स्तनाच्या काही पेशींतही असते. ते असण्यातून मुलीकडे काही जाते असा निष्कर्ष निघत नाही. एकूण कर्करोगांपैकी सुमारे ५ ते १० टक्केच आई-वडिलांकडून आलेल्या जनुकदोषामुळे होतात. त्याची तपासणी वेगळी असते आणि ती करावी की नाही हे डॉक्टर घरातील इतर आजारांची माहिती घेऊन ठरवतात. हा प्रश्न त्यांनी डॉक्टरांना अवश्य विचारावा, असे मी त्यांना सांगितले.

स्तनाच्या कर्करोगांपैकी दहातील सुमारे सातांमध्ये हा ग्राहक आढळतो आणि तो आहे हे कळणे उपचारांच्या दृष्टीने चांगलेच असते. इस्ट्रोजेन त्याच्या पोटात शिरले, की ग्राहकाचा एक लांबट भाग झाकणासारखा मिटतो आणि त्यामुळे पृष्ठभागावर एक उथळ खोबण तयार होते. त्या खोबणीत सहायक प्रथिने येऊन बसतात, ती रिळे सैल करतात आणि पेशीला वाढवणारी जनुके वाचली जाऊ लागतात. टॅमॉक्सिफेन हे औषध त्याच पोटात शिरते, पण त्याला एक बाजूची शेपटी असते आणि तिच्यामुळे झाकण मिटत नाही. ते सरकून नेमके त्या खोबणीतच जाऊन बसते. सहायकांची जागा अडते आणि जनुके वाचली जात नाहीत. हे औषध १९७० च्या दशकापासून वापरात होते, त्याचे काम अशा तपशिलाने दिसले ते १९९८ साली. ताईंना डॉक्टरांनी हीच गोळी रोज घ्यायला सांगितली आहे.

येथे एक बारकावा आहे आणि माझ्या मते या विषयाचे मर्म त्यात आहे. हेच टॅमॉक्सिफेन गर्भाशयाच्या अस्तरात मात्र काही प्रमाणात इस्ट्रोजेनसारखे वागते, म्हणून ते दीर्घकाळ घेणाऱ्या स्त्रियांनी अवेळी रक्तस्राव झाल्यास ताबडतोब डॉक्टरांना सांगावे असे बजावले जाते. औषध तेच, ग्राहकही तोच. फरक पडतो त्याचे एक कारण असे, की त्या अस्तराच्या पेशींत सहायक प्रथिनांचे प्रमाण वेगळे असते. जनुकांच्या यादीत हा फरक कितीही शोधला तरी सापडणार नाही.

रक्ताच्या कर्करोगातील एक प्रकार हे सारे आणखी ठळक करतो. अ‍ॅक्यूट प्रोमायलोसायटिक ल्युकेमिया हा एके काळी रक्तस्रावाने काही दिवसांत जीव घेणारा आजार होता. त्यात १५ व्या आणि १७ व्या गुणसूत्रांचे तुकडे अदलाबदल होऊन दोन जनुके जोडली जातात आणि त्यातून एक जोडप्रथिन तयार होते. हे जोडप्रथिन जनुके मिटवून ठेवणाऱ्या प्रथिनांचा जथा आपल्याभोवती घट्ट धरून बसते, त्यामुळे पांढऱ्या पेशी परिपक्व होण्यासाठी लागणारी जनुके वाचलीच जात नाहीत आणि अर्धवट वाढलेल्या पेशींची रास साचत जाते. जीवनसत्त्व ‘अ’ पासून बनणारे ऑल-ट्रान्स-रेटिनॉइक आम्ल मोठ्या मात्रेत दिले, की हा जथा सुटतो आणि त्याच पेशी परिपक्व होऊ लागतात. १९८० च्या दशकात शांघायमध्ये वांग झेन्‌यी यांच्या चमूने रुग्णांवर हे दाखवून दिले. पुढे त्याला आर्सेनिक ट्रायऑक्साइडची जोड मिळाली, जे त्या जोडप्रथिनाला धरून त्याचे विघटन घडवून आणते. या दोन औषधांनी आज यातील बहुसंख्य रुग्ण बरे होतात. जनुकांची ती अदलाबदल कोणी दुरुस्त करत नाही. तिच्यातून निघालेल्या प्रथिनाचे संगनमत मोडले जाते.

अगदी अलीकडचे उदाहरण मेनिन या प्रथिनाचे आहे. काही ल्युकेमियांत, विशेषतः तान्ह्या मुलांना होणाऱ्या ल्युकेमियांत, ११ व्या गुणसूत्रावरील केएमटी-२ए हे जनुक तुटून दुसऱ्याच एखाद्या जनुकाला जोडले जाते. त्यातून तयार होणारे प्रथिन मेनिनच्या खोबणीत अडकले तरच पेशींना अपरिपक्व ठेवणारी जनुके चालू राहतात. ती खोबण बुजवणारे रेव्हुमेनिब हे औषध नोव्हेंबर २०२४ मध्ये अमेरिकेत मंजूर झाले. मात्र काही रुग्णांत आजार उलटला तेव्हा त्यांच्या पेशी तपासल्या गेल्या आणि खुद्द मेनिनमध्येच असे बदल आढळले, की खोबणीत औषध बसेना, पण केएमटी-२ए पूर्वीसारखेच बसत होते. ही बातमी रुग्णांसाठी वाईट, हे मला ठाऊक आहे. पण संशोधकांना तिने निःसंदिग्धपणे सांगितले, की त्या कर्करोगाचा जीव याच पकडीत आहे. पकड टिकवण्यासाठी तो औषधाला बाहेर ठेवतो, जोडीदाराला मात्र कधीच बाहेर ठेवत नाही. नवी औषधे कोठे रोखायची हे त्यातूनच ठरते.

अशी औषधे कमी का, असा प्रश्न वाचकाला पडेल. विकराला बहुधा एक खोल कप्पा असतो आणि लहानसा रेणू त्यात सहज बसतो. दोन प्रथिने एकमेकांना धरतात ती जागा पुष्कळदा रुंद आणि सपाट असते, तेथे लहान रेणू टिकत नाही. मिक आणि मॅक्स यांची जोडी तोडणे म्हणूनच इतके अवघड गेले आहे. शिवाय निरोगी पेशींनाही त्याच पकडींची गरज असते. एमडीएम-२ ची खोबण बुजवणारी औषधे रुग्णांना देऊन पाहिली तेव्हा रक्त तयार करणाऱ्या पेशींतही पी-५३ जागे झाले आणि बिंबिका (प्लेटलेट्स) घटल्या. ज्यांच्या गाठीत पी-५३ मुळातच बिघडलेले आहे त्यांना तर अशा औषधाचा उपयोगच नाही. ‘कर्करोगावर रामबाण’ अशा मथळ्यात यातले काहीही मावत नाही, आणि तो मथळा वाचून रुग्णाचे नातेवाईक दुसऱ्या दिवशी डॉक्टरांपुढे कात्रण ठेवतात.

माझी विनंती छोटी आहे. कर्करोगातील एखाद्या जनुकाची बातमी छापताना त्या जनुकाचे प्रथिन कोणाला धरते किंवा कोणाला धरायचे थांबले आहे, एवढे एक वाक्य तीत असावे. दोष जन्मतः आलेला आहे की फक्त गाठीच्या पेशींत झालेला, हे पहिल्याच परिच्छेदात सांगावे, कारण वाचणारी आई तेच शोधत असते. प्रयोग पेशींवर झाला, उंदरांवर झाला की रुग्णांवर, हेही मथळ्याच्या लगेच खाली यावे. त्याचबरोबर, बायोप्सीच्या रिपोर्टात येणाऱ्या शब्दांचे अर्थ सोप्या मराठीत सांगणारे एखादे सदर आपण सुरू केलेत, तर एखाद्या कर्करोगतज्ज्ञाकडून ते लिहून घ्यावे. मजकूर तपासून देण्याचे काम मी विनामोबदला आणि वेळेवर करीन. पहिला शब्द ‘ईआर पॉझिटिव्ह’ हा घ्यावा, एवढा आग्रह मात्र धरते.

कळावे,
आपली विश्वासू,
जीवशास्त्राची एक निवृत्त प्राध्यापिका